टांगत्या माईकाखालची धाप

दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली की गोंदिया जिल्ह्यातल्या गावांत रात्री नाटकाचा पडदा उघडतो आणि खेळ पहाटेपर्यंत चालतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा झाडीपट्टीचा टापू. नाटक कंपन्यांचं ठाणं गडचिरोलीतलं वडसा. चादर पांघरून मांडवात बसलं की संवादांइतकीच नटाची धाप माझ्या कानात राहते. रंगमंचावर माईक वरून टांगलेले असतात. झटापट करून नट माईकाखाली आला, की त्याचं वाक्य संपतं आणि मागून श्वास भोंग्यातून शेवटच्या रांगेपर्यंत येतो. तो कुणी लिहिलेला नसतो. रात्रभर दम टिकवणं ही इथली मोठी विद्या. २०२३ साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा मला तो या दमाचाही मान वाटला.

सिनेमात हाच श्वास घडवावा लागतो. कॅमेऱ्याची घरघर आणि गर्दीचा गोंगाट यांमुळे आपल्याकडे कित्येक दशकं संवाद नंतर डबिंग स्टुडिओत बोलून घेत. ‘लगान’ने २००१ साली चित्रीकरणाच्या जागीच आवाज टिपण्याला पुन्हा बळ दिलं. पण डबिंग आजही आहेच. पडद्यावर रान तुडवत आलेला माणूस, स्टुडिओत मात्र थंड खोलीत स्टँडसमोर उभा. त्याचे शब्द ओठांवर नेमके बसतात आणि तरी तो धावलेला वाटत नाही.

म्हणून श्वास वेगळा रेकॉर्ड करतात. माईक तोंडापासून वीतभर, थोडा बाजूला. समोर धरला तर फुंकर माईकच्या पडद्यावर आदळून ‘धप्’ होतं. धापेचा अभिनय करण्यापेक्षा नटाला खरोखर पळवून आणलेलं बरं. मग दोन-तीन मिनिटं रेकॉर्डिंग थांबवायचं नाही, कारण खरी गंमत उताराला असते: आधी तोंडाने धापा टाकत घेतलेले श्वास, मध्येच आवंढा, मग हळूहळू नाकावर आलेली लय. पाच सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा जोडला तर कान तो लगेच पकडतो. संवादाआधीचा श्वास कापून टाकला तर वाक्य हवेतून पडल्यासारखं वाटतं. माणूस बोलणार आहे, हे आपल्याला आधी त्या आत घेतलेल्या हवेतून कळतं.

स्टॅनली क्युब्रिकच्या १९६८ मधल्या अंतराळपटात यानाबाहेर तरंगणाऱ्या माणसाचा फक्त श्वास ऐकू येतो आणि अख्खं प्रेक्षागृह त्याच्या शिरस्त्राणात जाऊन बसतं. ‘स्टार वॉर्स’च्या (१९७७) डार्थ व्हेडरचा श्वास बेन बर्ट यांनी पाणबुड्याच्या श्वसनयंत्रात माईक घालून घेतला. खलनायकाचा चेहरा झाकलेला, पण तो खोलीत आला हे आधी कानाला कळतं.

आज तयार श्वासांचे साठे विकत मिळतात. मला ते पटत नाहीत. धावणाऱ्याची धाप, पोतं पाठीवर घेतलेल्या हमालाची धाप आणि वाकून भाताची रोवणी करणाऱ्या बाईची धाप एक नसते. वाकलेलं असताना पोट दाबलं जातं, फुप्फुसाखालच्या पडद्याला खाली उतरायला जागा उरत नाही. श्वास आखूड होतो, वरवरचा राहतो. साठ्यातला कुठलाही श्वास तिथे बसवा, भाताची बांधी खोटी वाटते.

गेल्या पावसाळ्यात, विचारून, मी रोवणी करणाऱ्या एका मावशीच्या पदराला बारका माईक लावला. पाण्यात पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, खोचल्याचे बुडबुडे, दूर बेडूक, आणि मध्ये तिचे तोडके श्वास, चार-पाच रोपांमागे एक. घरी हेडफोन लावून ते ऐकलं, तेव्हा बांधाच्या टोकाशी ती सरळ झाल्याची जागा मला न बघता सापडली. एक लांब श्वास आत गेला, थांबला, सावकाश बाहेर आला. मग चिखलातून पाय उपसल्याचा आवाज, आणि पुन्हा ते आखूड श्वास.