वास्तूचा जन्मभराचा जमाखर्च

विजेचें बिल आलें कीं पंखा उगाच कोणी चालू ठेविला, याची घरोघर चौकशी सुरू होते. परंतु ज्या भिंतींच्या आधारानें तो पंखा फिरतो, त्या भिंतींनीं आपल्या जन्मापूर्वींच किती इंधन खाल्लें, हें विचारण्याचें सहसा कोणास सुचत नाहीं. वास्तूच्या ऊर्जेचा हिशेब वस्तुतः तेथूनच आरंभिला पाहिजे.

वीट भट्टींत भाजावी लागते. सिमेंटासाठीं चुनखडी व चिकणमाती सुमारें १४५० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवावी लागते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील बी. व्ही. वेंकटराम रेड्डी व के. एस. जगदीश यांनीं या खर्चाची गणना करून ती २००३ सालीं प्रसिद्ध केली. तीप्रमाणें किलोमागें सिमेंटास सुमारें ६, पोलादास ४२ आणि ॲल्युमिनियमास तब्बल २३७ मेगाज्यूल ऊर्जा लागते. विजेचें एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल, हें ध्यानांत घेतलें म्हणजे खिडकीच्या त्या चकचकीत चौकटीचें मोल कळतें! भाजलेल्या विटांऐवजीं माती-सिमेंटाचे दाबलेले ठोकळे व तत्सम साहित्य वापरल्यास भिंतींवर उभ्या राहणाऱ्या घराच्या बांधणीची ऊर्जा निम्म्यावर येऊं शकते, असेंही त्यांनीं दाखविलें.

बांधणीनंतर राहणी आली. वातानुकूलित घरांत जन्मभराची वीज बांधणीच्या ऊर्जेस सहज मागें टाकील. साध्या, हवेशीर घरांत बांधणीचाच वांटा मोठा ठरेल. म्हणून युरोपांतील २०११ सालच्या प्रमाणपद्धतींत मालाची निर्मिती, वाहतूक, बांधकाम, वापर, डागडुजी व अखेरीस पाडकाम, अशा पायऱ्या निरनिराळ्या मांडितात.

या गणितांत खरी मेख आयुर्मानाची आहे. नव्वद वर्षें टिकणारी इमारत तिसाव्या वर्षीं पाडली, तर बांधणीच्या ऊर्जेचा दर वर्षाचा वांटा तिप्पट होतो. पुण्यामुंबईस पुनर्विकासाच्या नांवाखालीं पुष्कळदां हेंच घडतें. धोकादायक इमारत पाडलीच पाहिजे, त्याविषयीं वाद नाहीं. जुन्या वाड्याचीं सागवानी तुळयाखांब दुसऱ्या घरीं पुन्हां उभे राहतात. काँक्रीटचा मात्र बहुधा चुराच होतो.

सोसायटीच्या सभेंत चटईक्षेत्रावर तासन् तास खल होतो. उभ्या इमारतीचें मजबुतीकरण केल्यास किती सिमेंट व पोलाद वाचेल, हा आंकडाही त्याच बैठकींत वास्तुशिल्पज्ञाकडे मागावा. साहित्याची यादी त्यास करावी लागतेच. तिला वरील दरांनीं गुणणें हें घरांतील शाळकरी मुलासही जमण्याजोगें आहे.