खारवलेलं मटण: ताकद किती, मीठ किती?

सास्तूर, लोहारा, उमरगा या पट्ट्यात कुणालाही विचारा, खारवून सुकवलेलं मटण ताज्या मटणापेक्षा ‘ताकदीचं’ असतं असंच ऐकायला मिळतं. दोन तुकडे खाल्ले की पोट भरतं, हा त्याचा पुरावा. दुसरीकडं तालुक्याचा डॉक्टर बीपीच्या पेशंटला सांगतो, मीठ कमी करा. मग घरातली मंडळी आजीच्या भाजीतलं मीठ काढतात आणि तिच्या ताटात खारं मटण मात्र तसंच वाढतात, कारण ते ‘ताकदीचं’ ना! या दोन गोष्टींचा हिशेब आज एकत्र मांडू. आकडेमोड चौथीच्या गणिताची आहे, घाबरू नका.

आधी थोडं शेळीबद्दल. सास्तूर म्हटलं की बाहेरच्या लोकांना ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप आठवतो. पण अन्नशास्त्र शिकणाऱ्याला हा मुलूख उस्मानाबादी शेळीचा म्हणून माहीत असतो. बहुतेक काळी, काटक, कमी चाऱ्यावर निभावणारी, बरेचदा जुळी करडं देणारी. जिल्ह्याचं नाव आता धाराशिव झालंय, शेळीचं नाव अजून उस्मानाबादीच आहे. एकूणच शेळीचं मांस कमी चरबीचं असतं, आणि सुकवण्याच्या दृष्टीनं ही मोठी सोय आहे. मांसातलं पाणी उडून जातं, चरबी उडून जात नाही. ती हवेत खवट होते, आणि मीठ हे खवट होणं उलट वाढवतं. म्हणून सुकवण्याआधी चरबी खरवडून काढणारी माणसं शास्त्राच्या दृष्टीनं अगदी बरोबर करतात.

मांस सुकवण्याची पद्धत इथं अनेक घरांतून आली. शाहू पाटोळे हे याच जिल्ह्यातले. त्यांच्या ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित घरांतल्या चान्यांबद्दल वाचायला मिळतं. चान्या म्हणजे मोठ्या जनावराच्या मांसाच्या सुकवलेल्या पट्ट्या. एकदम मिळालेलं मांस महिनोनमहिने पुरवायचं, हा त्यामागचा हिशेब. मुसलमान घरांत बकरी ईदला कुर्बानीचं मटण एकदम येतं. वाटे करून नातेवाइकांना आणि गोरगरिबांना दिल्यावरही काही उरतं. ते मीठ-हळद लावून, पट्ट्या करून दोरीवर वाळत घालतात. फ्रीज नव्हता तेव्हाची ही गरज, आणि आता फ्रीज असून लाईट नसते तेव्हाची. जगभर हेच झालंय. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात वाळवलेल्या मांसाला ‘चार्की’ म्हणतात. अमेरिकन दुकानात महाग पाकिटात मिळणाऱ्या ‘जर्की’चं नाव तिथूनच आलंय. आपल्याकडं तेच दोरीवर लटकतं, म्हणून त्याला भाव नाही एवढंच.

आता हिशेब. हाडं काढलेलं एक किलो कच्चं, बिनचरबीचं मटण घ्या. त्यात साधारण ७६० ग्रॅम पाणी, २०५ ग्रॅम प्रथिनं आणि वीस-पंचवीस ग्रॅम चरबी असते. त्याला ३० ग्रॅम मीठ लावलं, म्हणजे चहाचे पाच सपाट चमचे. आता ते कडक वाळवलं, इतकं की पाणी पाचव्या हिश्शावर आलं. उरतं साधारण ३४० ग्रॅम. प्रथिनं तेवढीच आहेत, पण आता १०० ग्रॅममध्ये ती ६० ग्रॅम दिसतात. ताज्या मटणात १०० ग्रॅमला २० होती. लोकांना जाणवणारी ‘ताकद’ ती हीच. वाळवल्यानं मांसात काहीही नवीन येत नाही, फक्त पाणी जातं. एका किलोची ताकद एका किलोएवढीच राहते. ती ३४० ग्रॅममध्ये मावली, एवढाच फरक.

पण पाण्यासोबत मीठ उडत नाही. मटणाला सुटलेल्या पाण्यातून थोडं ठिबकून जातं, ते सोडलं तर ३० ग्रॅम मीठही त्याच ३४० ग्रॅममध्ये बसतं. म्हणजे १०० ग्रॅम सुक्या मटणात जवळपास ९ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. निखाऱ्यावर भाजून भाकरीसोबत ५० ग्रॅम सुकं मटण खाल्लं, तर प्रथिनं ३० ग्रॅम मिळाली, झकास. पण मीठ साडेचार ग्रॅम गेलं आणि दिवस अजून बाकी आहे. बऱ्याच घरांत मी मोजलंय त्यापेक्षा जास्तच मीठ चोळतात. तुमच्या घरचं प्रमाण यात घालून बघा.

मग मीठ कमीच चोळलं तर? इथं जरा थांबून मीठ नेमकं काय करतं ते बघावं लागेल, कारण लोक इथंच चुकतात. जंतूंना जगायला पाणी लागतं, पण नुसतं पाणी असून भागत नाही, ते मोकळं असावं लागतं. मीठ पाण्याला धरून ठेवतं. पदार्थातलं पाणी किती मोकळं आहे याचं एक माप असतं, त्याला वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणतात. शुद्ध पाण्याचं माप १, ताज्या मटणाचं ०.९९. ते ०.९१ च्या खाली आलं की अन्न नासवणारे बहुतेक जीवाणू वाढायचे थांबतात. बुरशी चिवट असते, ती ०.८० च्या आसपासही चालते. ०.६० च्या खाली काहीच वाढत नाही. मीठ आणि ऊन दोघं मिळून हे माप खाली खेचतात. मीठ कमी केलं तर उन्हाला जास्त काम करावं लागतं, आणि ऊन आपल्या हातात नसतं.

यातला खरा वांधा एका जंतूचा आहे, स्टॅफिलोकोकस ऑरियस. तो आपल्या नाकात, हातावर, बोटाच्या चिरलेल्या जखमेत राहतो. मिठाला तो बाकीच्यांइतका भीत नाही, ०.८६ पर्यंत तग धरतो. दमट हवेत अर्धवट सुकलेलं मटण म्हणजे त्याच्यासाठी मोकळं रान, कारण स्पर्धक मिठानं मेलेले असतात. तो जे विष तयार करतो ते उकळून जात नाही. जंतू मरतो, विष राहतं, आणि दोन-चार तासांत उलट्या सुरू होतात. ‘शिजवलं की सगळं मरतं’ हे इथं लागू नाही. हळद बरी, वास-रंगाला मदत करते, पण ती वाळवण्याची जागा घेऊ शकत नाही.

म्हणून पहिला दिवस महत्त्वाचा. मटण कापल्यावर लगेच मीठ लावायचं, सकाळीच वाळत घालायचं, पट्ट्या एकमेकींना चिकटू द्यायच्या नाहीत. आणि जाडी! पाणी आतून बाहेर यायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पट्टी दुप्पट जाड केली तर वेळ दुप्पट लागत नाही, साधारण चौपट लागतो. अंगठ्याएवढी जाड पट्टी बाहेरून कडक दिसते आणि आत ओलीच असते. करंगळीच्या निम्म्या जाडीची केली तर वैशाखाच्या उन्हात ती लवकर उरकते. खिमा कधीच असा वाळवू नये. अखंड मांसात जंतू बहुतेक वरच्या बाजूला असतात, खिम्यात ते आतपर्यंत कालवले जातात. आणि आजारानं अचानक मेलेली शेळी अजिबात वापरायची नाही, कापायचीसुद्धा नाही. अँथ्रॅक्सचे बीजाणू मीठ आणि ऊन दोन्हीला पुरून उरतात.

पूर्वी वाळवण माळवदावर पडायचं. भूकंपात दगडमातीची ती जड घरं कोसळली, नवीन घरांवर स्लॅब आला, वाळवण स्लॅबवर गेलं. जागा बदलली तरी हवा तीच. या हवेचा ईदशी संबंध आहे आणि तो फार कमी लोकांच्या लक्षात येतो. चांद्र वर्षामुळं बकरी ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकते. २०१९ मध्ये ती १२ ऑगस्टला होती, २०२५ मध्ये ७ जूनला. म्हणजे काही वर्षं हे वाळवण ऐन पावसाळ्यात आलं आणि आता ते उन्हाळ्यात शिरतंय. फरक केवढा आहे बघा: हवेतली आर्द्रता ८० टक्के असेल, तर मटण कितीही दिवस टांगा, त्याचं माप ०.८० च्या खाली जाऊच शकत नाही. तिथं बुरशी आरामात येते. त्यात साधं मीठ ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की स्वतःच हवेतलं पाणी ओढायला लागतं. पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते ना, तेच मटणाचं होतं. उन्हाळ्यात खडखडीत वाळवलेल्या पट्ट्या डब्याचं झाकण सैल राहिलं तर श्रावणात मऊ पडतात. मऊ पडली, बुळबुळीत झाली, वास बदलला, तर धुऊन पुन्हा उन्हात घालू नका. टाकून द्या. आणि भर पावसाळ्यात मटण आलं तर सरळ फ्रीझरमध्ये ठेवा किंवा शिजवून वाटून टाका. परंपरेचा हट्ट ऑगस्टमध्ये धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

थोडक्यात, साठवताना मीठ कमी करण्यात जोखीम आहे. ते कमी करायचं स्वयंपाकाच्या वेळी, आणि ते सहज जमतं.

१०० ग्रॅम सुकं मटण घ्या, ९ ग्रॅम मीठवालं. एक लिटर पाण्यात भिजवलं. ते फुगून साधारण दीडशे ग्रॅम पाणी धरतं असं समजू. मीठ सगळीकडं सारखं पसरलं तर मटणात उरतं सव्वा ग्रॅमच्या आसपास. आता तेच एक लिटर पाणी दोनदा वापरा: अर्धा लिटरमध्ये भिजवा, ओता, पुन्हा अर्धा लिटर घ्या. पहिल्या पाण्यानंतर उरतं अडीच ग्रॅमच्या वर, दुसऱ्यानंतर जेमतेम ०.६ ग्रॅम. पाणी तेवढंच, मीठ निम्मं. कपडे खळबळताना एका मोठ्या बादलीपेक्षा दोन छोट्या बादल्या बऱ्या, तसंच. प्रत्यक्षात मीठ एवढं पूर्ण पसरायला वेळ लागतो, त्यामुळं यापेक्षा जास्तच उरतं. पण दोन पाण्यांचा फायदा तरीही राहतोच.

हे पाणी गरम घ्या. गरम पाण्यात मीठ लवकर सुटतं, आणि मटण तासन् तास ओट्यावर पडून राहत नाही. एकदा भिजलं की ते पुन्हा ताज्या मटणासारखं नाशवंत झालं, हे विसरू नका. रात्रभर भिजवायचंच असेल तर फ्रीजमध्ये. मिठासोबत थोडं पोटॅशियम, काही ब जीवनसत्त्वं, थोडी विरघळणारी प्रथिनंही पाण्यात जातात. बीपी, किडनीचा त्रास असेल तर हा सौदा फायद्याचाच. पण किडनीच्या पेशंटनं पाणी बदलून खाण्याआधीही डॉक्टरांना विचारावं. तिथं प्रश्न फक्त मिठाचा नसतो.

प्रथिनांचा मोठा भाग मात्र मटणातच राहतो, आणि लोहाचाही बराच. लोह महत्त्वाचं यासाठी की राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. मटणातलं लोह शरीर डाळी-पालेभाज्यांतल्या लोहापेक्षा चांगलं शोषतं. शिवाय मटण सोबत असलं की ज्वारीच्या भाकरीतलं लोहही जास्त अंगी लागतं. त्यावर लगेच चहा घेतला तर यातला काही फायदा जातो. मटण घरातल्या बाप्यांना आणि रस्सा बायकांना, ही वाटणी असेल तर मात्र वरचं सगळं शास्त्र वाया.

एक गोष्ट लपवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक गटात टाकलं, आणि त्यांच्या व्याख्येत खारवलेलं मांसही येतं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असा तो आकडा आहे. आपल्या खाऱ्या मटणात कारखान्यातल्या मांसासारखं नायट्राइट नसतं, म्हणून ते गुलाबी न राहता काळपट होतं. आणि आपण ते रोज खातही नाही. महिन्यातून एक-दोनदा खाणाऱ्यानं झोप उडवून घ्यायची गरज नाही. रोजचं जेवण करू नये, एवढं नक्की.

आता शिजवणं. सुक्या मटणातले स्नायू आवळलेले असतात आणि त्यांना बांधणारं कोलॅजन नुसत्या फोडणीनं मऊ होत नाही. त्याला ओली उष्णता आणि वेळ लागतो, मग त्याचं जिलेटिन होतं. दोन पाण्यांतून काढलेल्या पट्ट्या धाग्यांच्या आडव्या दिशेनं बारीक चिरा, म्हणजे चावायला सोपं. कुकरला ताज्या मटणापेक्षा जास्त शिट्ट्या द्या. मग तूरडाळीत घाला, अंबाडी किंवा चिंच टाका, किंवा येसर लावून आमटी करा. १०० ग्रॅम सुकं मटण डाळीसोबत चौघांना पुरतं. प्रत्येकाला मटणातूनच जवळपास १५ ग्रॅम प्रथिनं मिळतात, डाळीची वेगळी. भाकरीत आपण मीठ घालत नाही, हे इथं फार कामाला येतं. येसर किंवा मसाला विकतचा असेल तर त्यात मीठ आहे का ते पाकिटावर बघा. आणि आमटीत मीठ घालण्याआधी कुकर उघडून, रस्सा ढवळून एकदा चव घ्या. बहुतेक वेळा वरून घालावंच लागत नाही.