मंगळावर जायचं तर रिसोडमार्गे

पदवीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प निवडायची वेळ आली, की ग्रहांच्या भूशास्त्राची आवड असलेला मुलगा ‘मंगळावरील पाणी’ असा विषय घेऊन येतो. जगभरच्या शास्त्रज्ञांना जो पुरून उरलाय, तो विषय हिंगोलीत बसून एका वर्षात कसा संपणार? सर म्हणतात, ‘विषय छोटा कर.’ छोटा म्हणजे केवढा, ते सांगत नाहीत. माझं उत्तर ठरलेलं आहे. सेनगाव, रिसोड करत लोणारला जा.

पार्श्वभूमी उरकून घेतो. आपल्या शेतात विहीर खोदताना लागतो तो काळा कातळ म्हणजे बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. चंद्रावरचे काळे डागही बेसाल्टचेच आणि मंगळाचा बराचसा पृष्ठभागही. एवढं पुरे.

आता लोणार. बेसाल्टमध्ये झालेली आघाती विवरं पृथ्वीवर मोजकीच, आणि त्यांत सगळ्यांत नीट टिकलेलं हे. व्यास सुमारे 1.8 किलोमीटर. ते ज्वालामुखीचं की उल्केचं, हा वाद बराच काळ चालला. 1973 साली फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात आघाताचे पुरावे मांडले. त्यांत होतं मॅस्केलिनाइट, म्हणजे धक्क्याने काच झालेलं फेल्डस्पार. हे मॅस्केलिनाइट सापडलं मुळात बिहारमध्ये, 1865 साली शेरगोटीला पडलेल्या उल्केत, आणि ती उल्का मंगळावरून आलेली निघाली! मंगळाचा दगड बिहारात पडतो आणि त्यातली काच आपल्या जवळच्या बुलढाणा जिल्ह्यात मिळते. मला हे कितीदाही सांगायचा कंटाळा येत नाही.

अंबर तळ्याजवळच्या आडव्या मारुतीच्या मूर्तीचा दगड लोहचुंबकी आहे, म्हणजे तो उल्केचाच, असं गावात सांगतात. होकायंत्र घेऊन जाणारे पुष्कळ भेटतात. पण बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतंच. साध्या काळ्या खडकाजवळही सुई हलू शकते. तेवढ्यावरून उल्का सिद्ध होत नाही.

माझा लाडका प्रश्न खोलीचा आहे. चंद्रावरचं ताजं, वाटीसारखं विवर व्यासाच्या साधारण एकपंचमांश खोल असतं. त्या हिशेबाने लोणार साडेतीनशे मीटरहून खोल हवं. काठावरून दिसतं ते दीडशेच्या आसपास. तलावाखाली सुमारे शंभर मीटर गाळ असल्याचं छिद्रं पाडून कळलेलं आहे. तो धरूनही हिशेब जुळत नाही. काठ झिजला, किती झिजला? पृथ्वीचं गुरुत्व जास्त, म्हणून विवर मुळातच उथळ झालं असेल, तर किती? प्रकल्प असा असावा. चंद्रयान-2 च्या टेरेन मॅपिंग कॅमेऱ्याची 5 मीटर तपशिलाची चित्रं इस्रोच्या ‘प्रदान’ संकेतस्थळावर नाव नोंदवून मिळतात. लोणारएवढी वीस विवरं निवडायची, त्यांच्या उंचीचे छेद क्यूजीआयएस या मोफत प्रणालीत काढायचे, आणि लोणारचा छेद शेजारी ठेवायचा. जुनी विवरं ताज्यांपेक्षा किती उथळ होतात, ते आकड्यांत दिसेल. लोणार ज्या रकान्यात बसत नाही, तिथून पुढचा विचार सुरू होतो.

वयाचा वादही मोहात पाडतो. उष्मादीप्ती पद्धतीने सुमारे 52 हजार वर्षं निघाली, आर्गॉन पद्धतीने सुमारे 5 लाख 70 हजार. दहापटीहून जास्त फरक! पण त्याला लागणारी प्रयोगशाळा जवळपास नाही, तेव्हा वाचावं भरपूर, विषय म्हणून घेऊ नये.

कुणी विचारतं, आपल्या भूकंपांचं काय? वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून आवाज येतात. 10 जुलै 2024 च्या धक्क्याची तीव्रता 4.5 होती. मंगळावर ‘इनसाइट’ यानाने नोंदवलेला सर्वांत मोठा कंप 4 मे 2022 चा, 4.7 चा. म्हणजे आपल्याहून फार मोठा नाही. तरी तिथे एकच यंत्र होतं आणि कंपाच्या नोंदी वाचायला गणित पक्कं लागतं. पदव्युत्तर अभ्यासासाठी राखून ठेवा.

लोणार हे अभयारण्य आहे, दगड उचलायला वन विभागाची परवानगी लागते आणि ती मिळायला वेळ जातो. म्हणून अर्ज वर्ष सुरू होतानाच करा आणि परवानगी येईपर्यंत चंद्रावरची विवरं मोजायला घ्या.