‘गुन्हेगार जात’ : दप्तरांतील एका शब्दाची छाननी

चिंचवड येथील पुनरुत्थान समरसता गुरुकुलम् या संस्थेंत पारधी व इतर भटक्या जमातींचीं मुलें शिकतात. संस्थेच्या कार्याशीं निगडित असलेले श्री. गिरीश प्रभुणे यांस इ. स. २०२१ मध्यें पद्मश्री जाहीर झाली. या मुलांच्या पूर्वजांस इंग्रजी अमदानीच्या दप्तरांत ‘जन्मजात गुन्हेगार’ म्हटलें जाई. असे कागद संग्राहकांच्या हातीं येतात. म्हणून या शब्दाचें मूळ तपासणें अगत्याचें आहे.

गुन्हेगार जमातींचा पहिला कायदा इ. स. १८७१ मध्यें झाला व प्रथम उत्तर हिंदुस्थानांत लागू झाला. इ. स. १९११ च्या कायद्यानें त्याची व्याप्ति मुंबई इलाख्यापर्यंत आली. सुताराचा मुलगा जसा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, हा त्यामागील तर्क होय. सरकारनें एकदां जाहीरनामा काढला कीं, त्याविषयीं न्यायालयासही शंका घेतां येत नसे. मग व्यक्तीवर कोणताही गुन्हा शाबीत झालेला नसला तरी हजेरी, परवाना व वसाहत हीं बंधनें तिच्या गळ्यांत पडत. तथापि कायद्याच्या शब्दांत ‘जमात, टोळी किंवा वर्ग’ हीं तिन्ही पदें शेजारीं शेजारीं आहेत, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. वंश म्हणून जें सांगितलें गेलें, तें पुष्कळ अंशीं निर्वाहाचें साधन गमावलेल्या वर्गाचें वर्णन होतें.

बंजाऱ्यांचेंच उदाहरण घ्यावें. इ. स. १८०३ च्या मराठ्यांवरील मोहिमेंत वेलस्लीच्या फौजेस धान्य पुरविणारे हेच लोक होते. पुढें इ. स. १८५८ मध्यें खंडाळा ते पुणें हा लोहमार्ग चिंचवडावरून सुरू झाला. असे मार्ग जसजसे वाढले तसतसा बैलांच्या तांड्यांचा व्यापार बुडाला. रामोशांकडे गांवची व किल्ल्यांची रखवाली असे, इ. स. १८१८ मध्यें पेशवाई गेल्यावर तिचे हक्क ढासळले, आणि बंड करणाऱ्या उमाजी नाइकास इ. स. १८३२ मध्यें पुण्यास फांशी झाली. पारध्यांची पारध इ. स. १८७८ च्या जंगल कायद्यानें आवळली गेली. तिन्ही ठिकाणीं धंदा आधीं गेला आणि शिक्का मागाहून बसला, असा क्रम दिसतो.

इ. स. १९०१ च्या खानेसुमारीचे प्रमुख रिस्ले यांनीं नाकाच्या मापावरून वंश व सामाजिक पायरी यांचा मेळ घालूं पाहिला. उलट डॉ. आंबेडकरांनीं इ. स. १९४८ च्या आपल्या ग्रंथांत तशाच मापांच्या आधारें ब्राह्मण व अस्पृश्य हे वंशानें भिन्न नाहींत, असें प्रतिपादिलें. सारांश, पायरी समाजानें ठरविली व तिला वंशाचें नांव मागाहून मिळालें.

३१ ऑगस्ट १९५२ रोजीं या जमाती कायद्याच्या यादींतून मुक्त झाल्या. तथापि नव्या याद्याही सीमेबरोबर बदलतात. बंजारा महाराष्ट्रांत विमुक्त जातींत, कर्नाटकांत अनुसूचित जातींत व तेलंगणांत अनुसूचित जमातींत गणला जातो. रक्त तेंच असून वर्ग मात्र तीन!

तात्पर्य, पोलिसी यादी किंवा ग्याझेटियर वाचतांना ‘जात’ या शब्दापाशीं थांबून तीन प्रश्न विचारावे : लिहिणारा कोण, साल कोणतें, आणि त्या लोकांचा धंदा त्यापूर्वी काय होता? हे प्रश्न न विचारतां उतरून घेतलेला शब्द पुराव्याच्या नांवाखालीं जुना आरोपच पुढें चालवितो. आणि तो आरोप आजही कांहीं मुलांच्या नांवामागें शाळेपर्यंत येतो.