चंद्रपूरच्या उन्हात पेंग्विन

'लिनक्स? आणि तेही चंद्रपुरात?' ऑफिसच्या कामासाठी मी चंद्रपूरला शिफ्ट झाले आणि माझा डेस्कटॉपही सोबत आणला, तेव्हा पुण्यातल्या आमच्या ग्रुपमध्ये पहिला प्रश्न वाघांबद्दल आला आणि दुसरा हा. वाघांचं सोडा, ताडोबाचं बुकिंग तुम्हाला माझ्याआधी मिळतं! दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र नीट द्यायला हवं. कारण 14 ऑक्टोबर 2025ला विंडोज 10चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज 11 बऱ्याच जुन्या मशीनना दारातही उभं करत नाही. त्यामुळे घरातल्या त्या जुन्या लॅपटॉपचं काय करायचं, भंगारात द्यायचा की लिनक्स टाकून बघायचं, हा विचार तुमच्यापैकी अनेकांच्या डोक्यात चालू असणार.

टाकून बघा. पण 'फुकट आहे', 'व्हायरस येत नाही' ही पेंग्विनभक्तांची नेहमीची टेप बाजूला ठेवा. माझ्या लेखी लिनक्सचा खरा फंडा वेगळाच आहे. हे मशीन बोलतं. कुठे दुखतंय, कधीपासून दुखतंय, सगळं लॉगमध्ये लिहून ठेवतं. पुण्यात याचं कौतुक वाटत नाही, कारण एक फोन केला की इंजिनीअर बॅग घेऊन हजर. इथे कंपनीचं सर्व्हिस सेंटर म्हणजे बहुतेक वेळा नागपूर, दीडशे किलोमीटर. आणि गडचिरोली जिल्ह्यात भामरागडच्या बाजूला मशीन बसलं, तर नागपूर राहू द्या, गडचिरोली गाठण्यातच अर्धा दिवस जातो. अशा ठिकाणी आपलं दुखणं आपणच वाचता येणं ही चैन नाही, गरज आहे.

उन्हापासून सुरुवात करते. 2019च्या मे महिन्याच्या शेवटी इथे पारा 48 अंशांच्या आसपास गेला होता. चंद्रपूरकर त्याबद्दल थोड्या अभिमानानेच बोलतात! माझा पहिला मे आला आणि डेस्कटॉप रोज दुपारी अडीच-तीनला पटकन बंद पडायला लागला. ना एरर, ना निळा स्क्रीन. डायग्नोसिस मात्र फुकट मिळाले: 'व्होल्टेज असेल', 'व्हायरस असेल', आणि अर्थातच 'लिनक्स आहे ना, मग असंच होणार'.

मी आधीच्या वेळचा लॉग उघडला. मशीन शेवटचं बंद पडण्याआधीचा म्हणजे तो. त्यात ओळीमागून ओळ एकच तक्रार होती: प्रोसेसरचं तापमान मर्यादेच्या वर, वेग कमी करतोय. प्रोसेसर तापला की आधी स्वतःची गती उतरवतो. तरीही भागलं नाही आणि तापमान शंभराच्या आसपास गेलं, की जळून जाण्यापेक्षा मशीन सरळ बंद होतं. कॅबिनेट उघडलं तर पंख्याखालच्या अॅल्युमिनियमच्या पात्यांमध्ये काळ्या नमद्यासारखा थर! हे चंद्रपूर आहे, बॉस. चहूकडे कोळशाच्या खाणी आणि शहराला लागून 2920 मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र. 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अतिप्रदूषित औद्योगिक भागांच्या यादीत हे नाव उगाच नव्हतं. फुफ्फुसात जे जातं ते कॅबिनेटमध्येही जातं, फक्त कॅबिनेट उघडून बघता येतं.

ब्रश, ब्लोअर, पंख्याखाली नवी थर्मल पेस्ट. अर्ध्या तासाचं काम. तेव्हापासून दर दोन महिन्यांनी सफाई आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा. आणि एक सांगते, विदर्भात आलात तर सीपीयू कूलरच्या तोंडाशी ठेवू नका. गारवा मिळतो हे खरं, पण त्या ओल्या हवेने धुळीचा चिखल होतो.

कधीकधी दुखणं एवढं सोपंही नसतं. तालुक्याच्या गावी एका ऑफिसातला पीसी उन्हाळाभर मेन स्विच बंद करून ठेवलेला होता. जूनमध्ये चालू केला, तर काही साईट उघडतात, काही नाही. सगळे मोबाईल टॉवरला शिव्या देत होते. सॉफ्टवेअर अपडेट करायला गेले, तर मशीन म्हणालं, ही यादी अजून लागूच झालेली नाही, अमुक दिवसांनी होईल. म्हणजे त्याच्या मते आम्ही भविष्यातून आलो होतो! बिघाड मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या बॅटरीचा होता. ती संपली की वीज नसताना घड्याळ थांबतं, आणि त्या ऑफिसच्या नेटवर्कवर इंटरनेटवरून वेळ जुळवून घ्यायची सोयही बंद होती. मधल्या काळात ज्या साईटनी आपलं सुरक्षा प्रमाणपत्र नवं घेतलं, ती प्रमाणपत्रं या मशीनच्या दृष्टीने अजून जन्मलीच नव्हती. घड्याळाच्या दुकानातून सीआर 2032 आणली, काम झालं.

आता त्या लॅपटॉपबद्दल.

माझं काम नकाशांचं. गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग जंगल आहे, आणि 2006च्या वनहक्क कायद्याने त्या जंगलावर गावांना सामूहिक हक्काचा दावा करता येतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 साली असा हक्क मिळाला, सुमारे 1800 हेक्टरवर. पुढे 2011 साली स्वतःचा बांबू विकण्याचा परवानाही ग्रामसभेच्या हाती आला. त्यानंतर कित्येक गावं या कामाला लागली. दाव्याला नकाशा जोडायचा म्हणजे म्हाताऱ्या माणसांना सोबत घेऊन, जीपीएस हातात धरून शिव चालायची. हा नाला, ते देवाचं ठिकाण, इथून तेंदू तोडतो, इथून बांबू. नकाशा बनवायचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअरही लिनक्ससारखंच मोफत आणि खुलं.

अशाच एका गावच्या ग्रामसभेचा हा लॅपटॉप, कुणीतरी वापरून दिलेला. ते सगळं सांभाळणाऱ्या पोराचा फोन आला. 'मॅडम, हा कटकट कटकट करून राह्यला जी. फाईल उघडाले चहा पिऊन होते.' पावसाळा तोंडावर होता. मागच्या तीन महिन्यांची सगळी पायपीट त्या डिस्कवर होती. पेनड्राईव्हवर कॉपी होती, पण शेवटच्या फेऱ्यांच्या आधीची. आणि त्या शेवटच्या फेऱ्यांना सोबत आलेले एक आजोबा आता अंथरुणाला खिळले होते. त्या बाजूची शिव दाखवणारं दुसरं कुणी नव्हतं.

फोनवरच त्याला म्हटलं, बंद कर आणि हात लावू नकोस. पोचल्यावर लॅपटॉप माझ्या पेनड्राईव्हवरच्या लिनक्सने सुरू केला, म्हणजे आतल्या डिस्कवर काहीच लिहिलं जाणार नाही. लॉगमध्ये वाचता न आल्याच्या तक्रारी, ठराविक जागांचे नंबर पुन्हा पुन्हा. डिस्क स्वतःच्या तब्येतीचं एक प्रगतिपुस्तक ठेवत असते. त्यात 'खराब वाटतंय, खात्री नाही' अशा जागांचा आकडा आमच्यासमोर वाढत होता. अशा वेळी सगळ्यांचा हात 'रिपेअर'कडे जातो. तिथेच घोटाळा होतो! दुरुस्ती म्हणजे मरणाऱ्या डिस्कवर आणखी लिहिणं. आधी कॉपी, बाकी सगळं नंतर.

त्यासाठी डीडी-रेस्क्यू नावाचा एक छोटासा प्रोग्राम आहे. साधी कॉपी पहिल्या खराब जागेवर अडून बसते. हा अडत नाही. जे सहज वाचता येतं ते आधी उचलतो, खराब जागा मागे ठेवतो आणि शेवटी तिथे पुन्हा पुन्हा जाऊन बघतो. मी हे समजावत होते तेव्हा शेजारी बसलेले एक काका म्हणाले, 'म्हंजे मोहफुलं येचतो तसंच. चांगले चांगले आधी, मातीतले मागून.' इतकं सोपं मला सांगता आलं नसतं.

रात्री अकराला लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच संपलेली, त्यामुळे सगळं ठप्प. आणि इथे हा प्रोग्राम मला सॉलिड वाटतो: कुठपर्यंत वाचलं, कुठे अडलं, याची वही तो वेगळ्या फाईलमध्ये ठेवतो. ती वही माझ्या बाहेरच्या डिस्कवर होती. पहाटे चारला लाईट आली, तीच कमांड पुन्हा दिली, आणि जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू! टेबलफॅन डिस्कवर, आम्ही अंगणात.

दुपारी जीपीएसच्या सगळ्या फाईल उघडल्या. आजोबांनी दाखवलेल्या फेऱ्या धरून सगळ्या. वाचली नाही ती जागा निघाली एका सिनेमाच्या फाईलमधली. 'पाहून झाला होता,' पोरगा म्हणाला.

नवी एसएसडी नागपूरहून मागवली. दाव्याचा मोठा नकाशा पीडीएफ करून गडचिरोलीतल्या झेरॉक्सच्या दुकानात काढला, फाईल वेळेत दाखल झाली. दाव्याचा निकाल लागायला वेळ आहे. जुनी डिस्क फेकून दे म्हटलं तर पोराने ती स्क्रू काढून उघडली आणि आतली दोन चुंबकं काढून घेतली. हार्डडिस्कमधली चुंबकं भारी ताकदीची असतात, बोट मध्ये सापडलं तर कळतं. नकाशाची एक प्रत सध्या त्याच चुंबकांनी ग्रामसभेच्या लोखंडी कपाटावर लावलेली आहे.