भंडारा ते तुमसर : एका दृष्टिक्षेपात
भंडारा–वरठी–मोहाडी–तुमसर हा सुमारे ३० किलोमीटरचा रस्ता जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या भंडाऱ्याला मोहाडी आणि तुमसर या तालुक्याच्या गावांशी जोडतो.

आरंभ : भंडारा शहर. नागपूर–रायपूर राष्ट्रीय महामार्ग ५३ येथूनच जातो.

वरठी : हावडा–मुंबई लोहमार्ग भंडारा शहराला बाजूला ठेवून जातो, म्हणून ‘भंडारा रोड’ स्थानक येथे आहे. पोलाद कारखानाही येथेच.

मोहाडी : चौंडेश्वरी देवीच्या मंदिरासाठी परिचित.

तुमसर : धानाची मोठी बाजारपेठ. तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत.

रस्त्यांचे वर्ग : १९४३च्या नागपूर रस्ते आराखड्याने राष्ट्रीय, राज्य, जिल्हा व ग्राम असे वर्ग ठरवले. भंडाऱ्यासारखी जिल्ह्याची ठिकाणे आणि तुमसरसारखी महत्त्वाची गावे राष्ट्रीय महामार्गांशी जोडणे, हे राज्यमार्गांचे काम.