एका रकान्याची गोष्ट

भिवंडीत ज्याचा जन्म गेला, त्याच्या कानाला शांततेची सवय नसते. रात्री यंत्रमागांची खटखट थांबली की आम्हाला जाग येते. वीज गेली असं समजून आम्ही कूस बदलतो. त्यामुळे सोळा वर्षांची नात जेव्हा म्हणाली, ‘‘आजोबा, पाण्याखाली फक्त आपलाच श्वास ऐकू येतो म्हणे,’’ तेव्हा तो एकदा ऐकावा असं मलाही वाटलं. आम्ही मालवण गाठलं.

समोर शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात उभारलेला सिंधुदुर्ग. बाहेरच्या खडकांवर लाटा फुटतात, म्हणून आतलं पाणी त्या मानानं निवांत. इथल्या समुद्राचा काही भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला.

होडीत चढण्याआधी फॉर्म हाती आला. दमा? हृदयविकार? रक्तदाब? सर्दी? तीस वर्षं बँकेत मी लोकांचे फॉर्म तपासले. आधीचं कर्ज लपवणाऱ्या कितीतरी मागवाल्यांना समोर बसवून सुनावलं. आता माझंच पेन रक्तदाबाच्या रकान्यापाशी अडलं. रोज सकाळी गोळी घेतो. पण ‘नाही’ लिहायला कितीसा वेळ लागतो?

प्रशिक्षक समजावत होता. दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो. कानात दडे बसतात. नाक चिमटीत धरून हळूच हवा फुंकायची. श्वास मात्र कधीच रोखायचा नाही. वर येताना दाब कमी होतो, छातीतली हवा फुगते आणि रोखलेला श्वास फुप्फुस फाडू शकतो.

मी ‘होय’ लिहिलं. त्यानं वाचलं. ‘‘डॉक्टरांच्या पत्राशिवाय नको, आजोबा.’’

नातीचा चेहरा पडला. मग बापाची सही घरूनच घेऊन आणलेला आपला फॉर्म तिनं परत मागितला. गेल्या आठवड्यात तिला सर्दी होती; ते तिनं लिहिलंच नव्हतं. आता लिहिलं. प्रशिक्षकानं तिची बारकाईनं विचारपूस केली, उथळ पाण्यात कान मोकळे होतात का पाहिलं आणि बजावलं, ‘‘जरा दुखलं तरी खूण कर. लगेच वर.’’

ती पाण्याखाली गेली. मी होडीत बसून बुडबुडे मोजत राहिलो. मध्ये ते दिसेनासे झाले, तसा मी उभाच राहिलो. होडीवाला म्हणाला, ‘‘घाबरू नकात, चेडवाक काय होवचा नाय.’’ बुडबुडे होडीच्या पलीकडे निघत होते.

वर आल्यावर ती माशांबद्दल, प्रवाळांबद्दल भरभरून बोलत होती. ‘‘हात नाही लावला हं, आजोबा. ते दगड नाहीत, जिवंत असतात.’’ मग थांबून म्हणाली, ‘‘तुम्ही ‘नाही’ लिहिलं असतं, तर मीही सर्दीचं लिहिलं नसतं.’’

पावसाळ्यात तिथलं पाण्याखाली उतरणं बंद असतं. तोवर मी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. ते पत्र देतील किंवा नाही देणार. जे देतील ते फॉर्मला जोडीन.